सासूच्या आधी बोलायचं नाही

"शी नो स्पीक. आय स्पीक," असं सासूने मॅडमना सांगितलं, आणि शेजारी बसलेल्या सुनेने मान आणखी खाली घातली.

मुरबाडच्या पुढच्या एका रिसॉर्टचं ते ऑफिस. नोकरी सुनेला हवी होती. खोल्यांची देखरेख करायची आणि पाहुण्यांशी बोलायचं. पाहुणे बाहेरगावच्या कंपन्यांचे, मॅडम दक्षिणेकडच्या. त्यांना मराठी अजिबात येत नव्हतं, म्हणून इंग्रजी लागणार होतं. मॅडमनी सुनेला तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं सासूने दिली. आय एम फार्मर. आय हॅव टू बफेलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे बोट करून विचारलं, ही बोलत नाही का? त्यावर सासूने ते सुरुवातीचं 'शी नो स्पीक' ऐकवलं. मॅडमनी फाईल मिटली आणि थँक्यू म्हणाल्या. त्या थँक्यूचा अर्थ मला चांगला कळतो.

या दोघींना इंग्रजी बोलायला मी शिकवलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण मी एकतीस वर्षं मुंबईत एका म्हाताऱ्या बाईकडे घरकामाला होते, आणि त्या बाईला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. मला इंग्रजी लिहिता येत नाही. बोलता मात्र येतं, भांडताही येतं. बाई वारल्यावर मी किन्हवलीजवळ आमच्या गावी परत आले. गावातल्या बायका म्हणाल्या, "मावशी, आमाला बोलायला शिकवा." दुपारी तीन ते चार मी रिकामीच असते. माझ्या ओटीवर अकरा जणी यायला लागल्या.

त्यात ही सून होती. बारावी झालेली, सगळ्यांत हुशार. सासू तिच्या सोबतीला यायची, कारण सुनेला एकटीला पाठवायची त्यांच्या घरात रीत नाही. सोबतीला बसून बसून सासूही शिकली. सुनेचा नवरा भिवंडीला गोदामात कामाला. तो म्हणत होता, तिकडेच खोली घेतो, बायकोला आणि मुलीला घेऊन जातो. सुनेला गाव सोडायचं नव्हतं. सासूलाही ती जायला नको होती. ती गेली तर भातशेती, दोन म्हशी आणि आख्खं घर यात सासू एकटी उरणार होती. रिसॉर्टची गाडी रोज आमच्या जवळच्या सरळगावपर्यंत येते. नोकरी लागली तर नवरा खोलीचं नाव काढणार नव्हता. एवढं त्या नोकरीवर होतं.

आता चूक माझी कशी, ते सांगते. वर्गात मी वयाने मोठ्या बाईला आधी विचारायचे, मग तिच्याहून लहान, मग तिच्याहून लहान. ओटीवर जेवायला बसवावं तसं. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. मला दुसरं काही सुचलंच नाही. सुनेची पाळी नेहमी सासूच्या नंतर. सहा महिने ती सासूने तोंड उघडल्यावरच बोलली. मॅडमसमोर सासू शेजारी बसली, आणि मॅडमनी आधी सुनेला विचारलं. ती बोलणार कशी?

मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. उठून आत गेले आणि मॅडमना इंग्रजीत सांगितलं, हिला या बाईपेक्षा चांगलं येतं, माझं शिकवणं चुकलं, आणखी एकदा बोलवा. मॅडमनी विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? म्हटलं, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. त्या म्हणाल्या, पुढच्या सोमवारी पाठवा. एकटीला.

आम्ही जीपने गावी परतलो. घराशी आल्यावर सासू माझ्यावर उसळली.

"मी काय वंगाळ बोलले? एक बी चुकलं नाय माझं."

"तुझं काहीच चुकलं नाही. पण नोकरी तुला हवीय का?"

"मना कशाला?"

"मग तू गप्प बस. उद्यापासून ती आधी बोलेल."

"माझ्या म्होरं? बाया काय म्हनतील, मावशी? माझं तोंड ऱ्हाईल का?"

"ती भिवंडीला गेली की तुझं तोंड बघायला घरात कोण असणार आहे? म्हशी?"

ती सुनेला घेऊन निघून गेली. मला वाटलं, आता दोघीही यायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. सासू पुढे बसली नाही. सूप आणि वालाच्या शेंगा घेऊन आली होती, त्या घेऊन भिंतीकडे तोंड करून मागे बसली. मी सुनेला पहिला प्रश्न विचारला. सुनेने मागे वळून पाहिलं. सासू मान वर न करता म्हणाली, "मावशी इचारते ना? मंग बोल गो. मी शेंगा सोलते."

पहिले दोन दिवस सुनेचा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी मॅडम झाले आणि मुद्दाम म्हटलं, तुझं काम काही चांगलं नाही. ती पटकन म्हणाली, "हाऊ यू नो? यू नॉट सीन."

बायका हसायला लागल्या. सासूने मागूनच विचारलं, "काय बोलली ती?"

कोणीतरी सांगितलं, "तुमी बघितलंय का माझं काम, असं इचारते मॅडमला."

"आई गो! घरात एवढं तोंड कधी उघडलं नाय," सासू म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. सून लाजली, पण पुढच्या प्रश्नाला मागे वळली नाही.

सोमवारी तिला एकटीलाच जायचं होतं. जवळच्या म्हसा गावच्या जत्रेलाही ती कधी एकटी गेली नव्हती. सासू जीपपर्यंत गेली आणि परत आली. मीही गेले नाही. गेले असते तर मीसुद्धा मध्ये बोलले असते.

ती परत आली तेव्हा चार वाजत आले होते, वर्ग संपत आला होता. सासूने हातातलं सूप बाजूला ठेवलं. सुनेने आपणहून सांगितलं. मॅडमनी आठ प्रश्न विचारले. दोन तिला कळले नाहीत, ते तिने परत विचारायला लावले. एका उत्तराला मॅडम हसल्या, का ते तिला कळलं नाही. पहिल्या तारखेपासून यायला सांगितलंय.

नवऱ्याने खोली घेतली नाही. ती रोज सकाळी सरळगावला जाते, संध्याकाळी घरी येते. आमच्या अकरा जणींत इंग्रजीवर नोकरी एकीलाच लागली. ती सुनेला.