शूरवीर, बाईसाहेब आणि बर्चचं झाड

जर्मनीतल्या मराठी घरात दोन गोष्टी साचत जातात. बाल्कनीत रिकाम्या बाटल्या आणि डोक्यात किस्से. बाटल्या सुपरमार्केटच्या मशीनमध्ये ढकलून मोकळं होता येतं. किश्श्यांसाठी तसं मशीन नाही, म्हणून तुम्हाला धरलंय.

बॉनला आमच्याकडे रविवारी पोह्यांना जी मंडळी जमायची, त्यातल्या दोघांचेच किस्से जास्त आहेत. एक सुमेध. नागपूरचा, शेजारच्या क्योल्न शहरातल्या कार कारखान्यात माझ्याबरोबर इंजिनियर. दुसरी मृणाल. पुण्याची, इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी.

*

मृणाल पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या बायकोने, अश्विनीने, तिला विषय विचारला. मध्ययुगातल्या जर्मन कवितेतलं दरबारी प्रेम, आणि त्या प्रेमाची टिंगल करणाऱ्या विनोदी गोष्टी. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चटणी पुढे सरकवली.

सुमेधने मात्र नीट विचारून घेतलं. शूरवीर खाली, बाईसाहेब वर गढीत. त्याने आयुष्यभर सेवा करायची, गाणी रचायची, आणि चारचौघांत तिचं नाव कधी घ्यायचं नाही. एवढं ऐकून सुमेध म्हणाला, "मग शेवटी लग्न होतं?"

"छे! लग्न झालं तर कविता संपते," मृणाल म्हणाली.

त्या दिवशी सुमेधने पोहे तिसऱ्यांदा घेतले. भूक नव्हती, उठायचं नव्हतं एवढंच.

*

पुढे ती दर रविवारी एखादी गोष्ट सांगायला लागली. एका गोष्टीतला शूरवीर शपथ घेतो, की बाईसाहेब खिडकीतून बघेपर्यंत घोड्यावरून उतरणार नाही. दिवस जातात, लोक त्याला वरच भाकरी देतात. मग दासी येऊन सांगते, की बाईसाहेब मागच्या महिन्यातच माहेरी गेल्या.

आम्ही हसून हसून लोळलो. सुमेधने गंभीरपणे विचारलं, "आणि घोड्याचं काय झालं?"

मृणाल त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं हा विषय वाचतेय, म्हणाली, पण घोड्याची चौकशी कुणी केली नव्हती.

*

मृणालने घर बदललं तेव्हा तिचं कपाट तिसऱ्या मजल्यावर न्यायला सुमेध हजर होता. दारं सारखी उघडत होती, दोरी कुणी आणली नव्हती. मृणालने बॅगेतून परकराच्या नाड्यांचं नवं बंडल काढलं आणि कपाट करकचून बांधलं. मदतीला आलेले दोन जर्मन विद्यार्थी ती गाठ बघून थक्क झाले.

ही मृणालची सवयच. सायकलची टोपली, पुस्तकांचे गठ्ठे, सगळं नाडीने बांधलेलं. त्यातली एक नाडी सुमेधच्या खिशात गेली, ती मी पाहिली. 

*

मग मृणालचे आईबाबा आले. सुमेधने त्यांना ऱ्हाइन दाखवली, बोटीत बसवलं, बाबांसाठी बिनसाखरेचा चहा थर्मासमधून नेला. बाबा खूश होते. परतताना त्यांनी सहज त्याचं आडनाव विचारलं. त्याने सांगितलं.

त्यानंतर बाबा घरी पोहोचेपर्यंत हवामानावर बोलले.

"दादा, गढी म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नाही," सुमेध मला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये म्हणाला. 

*

आता झाडाचं ऐका. आमच्या ऱ्हाइनकाठी प्रथा आहे. एक मेच्या पहाटे मुलगा आपल्या आवडत्या मुलीच्या दारात बर्चचं, म्हणजे भूर्जाचं, तोडून आणलेलं झाड बांधतो. त्याला रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, आणि वर लाल पुठ्ठ्याचं हार्ट, त्यावर मुलीचं नाव. महिनाअखेर झाड त्यानेच येऊन काढायचं. तेव्हा मुलीकडचे त्याला केक आणि बिअरचा क्रेट देतात.

दोन हजार पंधराच्या मेमध्ये सुमेधने मृणालच्या इमारतीच्या दारात झाड लावलं. इंजिनियरच तो, वादळातही हलणार नाही असं बसवलं. हार्टही लावलं. फक्त नाव लिहिलं नाही. बाईसाहेबांचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं ना!

त्या इमारतीत तळमजल्यावर घरमालकीण राहायची. फ्राऊ क्रेमर, पंचाहत्तरीची, विधवा. सकाळी दार उघडून तिने झाड पाहिलं आणि रडायलाच लागली. नवरा गेल्यापासून कुणी फूलसुद्धा आणलं नव्हतं, म्हणाली. महिनाभर ती लिपस्टिक लावून बागेत बसली.

सुमेधने तिला तसंच समजू दिलं. एकतीस मेला गेला, झाड काढलं, क्रेट घेतला. केक कापायला मृणाल खाली आली. तिला एक तुकडाही खाता आला नाही, कारण ती अंडं खात नाही. तिने फक्त विचारलं, "फ्राऊ क्रेमरसाठी लावलं होतंस?"

"या, गेनाऊ," सुमेध म्हणाला. म्हणजे हो, अगदी बरोबर.

*

त्या हिवाळ्यात सुमेधने दूर दक्षिणेत रेगेन्सबर्गला नोकरी घेतली. स्टेशनवर आम्ही सगळे होतो, मृणालही. त्याने सगळ्यांचे हात हातात घेतले, तिला नुसता नमस्कार केला. गाडी गेल्यावरही ती बराच वेळ प्लॅटफॉर्मवरून हलली नाही. पोह्यांना ती येत राहिली, पण गोष्टी सांगायची बंद झाली.

*

शेवटचा किस्सा. पुढचं वर्ष लीप वर्ष होतं. लीप वर्षी ही प्रथा उलटी होते, झाड मुली लावतात. पण तिकडे रेगेन्सबर्गला त्याच्या शेजाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. एक मेच्या सकाळी सुमेधचा फोन आला. त्याच्या दारात कुणीतरी आख्खं झाड आणून बांधलं होतं आणि वरच्या मजल्यावरचे काका पोलिसांना बोलवायचं म्हणत होते.

"कशाने बांधलंय?" मी विचारलं.

"नाड्यांनी."

मी खुर्चीत बसलो. "हार्ट आहे?"

"आहे. माझं नाव लिहिलंय."

"नुसतं नाव?"

तो पुन्हा दारापर्यंत जाऊन वाचून आला. मग म्हणाला, "आडनावासकट, दादा. मोठ्या अक्षरात."

त्यानंतर महिनाभर त्याचा फोन नाही. एकदम तीस तारखेला आला. माझ्याशी बोलायचं नव्हतं, वहिनींना दे म्हणाला.

अश्विनीने फोन घेतला, ऐकलं, आणि स्पीकर लावला.

"वहिनी, अंडं न घालता केक कसा करतात? जरा हळूहळू सांगा. उद्याच पाहिजे."