आमचे राहिले

राहिले हे त्याचं आडनाव नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण डेपोत नव्याने आलेल्या एका कारकुनाने हजेरीपटावर खुशाल तेच लिहून ठेवलं होतं आणि आम्ही आठवडाभर हसत होतो. तो माझ्या बसचा कंडक्टर. एकोणीस वर्षं मी पुढे आणि तो मागे. थांबा आला, माणसं उतरायला लागली की हा मागच्या दारात उभा राहून विचारणार, "काही राहिलं का? बघा हो, काही राहिलं का?" आधी आमच्या भाषेत, मग त्याच्या. शाळेतली पोरं चिडवायला लागली, "राहिले आले, राहिले आले!" मग म्हातारी माणसंही सरळ राहिलेसाहेब म्हणू लागली. तो चिडायचा नाही. चिडण्याचं खातं माझ्याकडे होतं.

आमची बस नदीवरचा पूल ओलांडायची. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी, आणि भांडण कशावरून सुरू झालं ते विचाराल तर दहा माणसं दहा गोष्टी सांगतील. मी अलीकडचा, तो पलीकडचा. डेपोत कोणी त्यावरून टोमणा मारला की तो म्हणायचा, "बसमध्ये दोनच जमाती. बसलेले आणि उभे. उभ्यांनी पुढे सरका." झालं, विषय संपला.

आता त्याची खोड. कोणी काही विसरून उतरला की हा दोरी ओढून एक घंटी द्यायचा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी थांबलो की हा उडी मारून त्या माणसामागे धावत सुटायचा. "अहो काका, छत्री राहिली! अहो बाई, डबा राहिला!" पोट सुटलेलं, टोपी हातात, आणि धावतोय. मी आरशात बघत शिव्या घालत बसायचो. माणूस सापडला नाही तर ती वस्तू घरी न्यायचा. नियमाने डेपोत जमा करायला हवी होती, पण डेपोतल्या खोलीत गेलेली वस्तू परत आल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं, म्हणून साहेबही कानाडोळा करायचे. त्याच्या घरी भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर प्रत्येक वस्तू, आणि प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. तारीख, थांबा, सीट. एकदा कोणाची तरी कवळी राहिली. तिच्या चिठ्ठीवर त्याने लिहिलं होतं, "वरची. मालक बोलला की ओळखू येईल."

माझा गॉगल हरवला तेव्हा मी डेपो डोक्यावर घेतला होता. चांगला होता हो, बायकोने दिलेला. मेकॅनिकला चोर म्हटलं, दुसऱ्या पाळीच्या ड्रायव्हरशी बोलणं टाकलं. पाच वर्षं तो विषय निघाला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. राहिले नुसता गालात हसायचा.

मग शहराचे दिवस फिरले. आधी दगड, मग जाळपोळ, मग बाजारात एक स्फोट. सगळ्या बसमध्ये नोटीस चिकटवली गेली: बेवारस वस्तूंना हात लावू नये, कंडक्टरला कळवावे. राहिलेने ती मोठ्याने वाचली आणि मला म्हणाला, "मी कोणाला कळवू? मलाच?"

"मस्करी पुरे," मी म्हटलं. "हात लावू नको म्हणजे लावू नको."

"बेवारस वस्तूला ना? बेवारस म्हणजे जिचं जगात कोणी नाही ती. छत्रीला मालक असतो रे. तो विसराळू असतो, एवढंच." एकोणीस वर्षांत त्याच्या हाताला एकही बेवारस वस्तू लागली नव्हती. सगळ्या राहिलेल्या होत्या.

आणि त्याच आठवड्यात मला मेमो मिळाला. गाडी रोज उशिरा पोचते, खुलासा करा. साहेबांनी चार लोकांसमोर मला उभं केलं, नवशिक्यासारखं. मी तिथून तडक राहिलेकडे गेलो आणि म्हटलं, "तुझ्या छत्र्यांपायी मी बोलणी खाणार नाही. कानाला खडा. यापुढे मी थांबणार नाही." तो म्हणाला, "बरं." मेमो खिशात तसाच होता. दोन दिवसांनी, त्या सकाळी, तो माझ्या छातीला टोचत होता.

नऊची फेरी. गिरणीच्या थांब्यावर बरीच माणसं उतरली. त्यात एक इस्त्रीच्या शर्टातला होता, वर्तमानपत्राची गुंडाळी काखेत. मी त्याला नीट पाहिलंही नाही. गाडी पन्नास पावलं गेली असेल-नसेल, एक घंटी. मी थांबलो नाही. पुन्हा एक घंटी. मागून राहिले ओरडला, "अरे, पिशवी राहिली त्या माणसाची! थांब जरा, तो बघ, कोपऱ्यावरच आहे!"

मी आरशात बघितलं. त्याच्या एका हातात दोरी, दुसऱ्या हातात काळी पिशवी. जड असावी, खांदा एका बाजूला झुकला होता. मी ओरडलो, "आज थांबणार नाही म्हणजे नाही! ठेव तुझ्या खुर्चीखाली. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आरती ओवाळ हवी तर!" पुढच्या सीटवरच्या दोन बायका हसल्या. त्यांपैकी एक नर्स होती, कामावर निघालेली.

तो क्षणभर तसाच उभा राहिला. आरशातून माझ्याकडे बघत होता. मग वाकला, पिशवी खुर्चीखाली सरकवली आणि दोन घंट्या दिल्या.

पुलाच्या मधोमध गाडी फुटली.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. सांगता येत नाही असं नाही, सांगवत नाही. चौदा प्रवासी गेले. ती नर्स गेली. एक मास्तर गेले, त्यांच्या मांडीवर मुलांच्या उत्तरपत्रिका होत्या, त्या नदीवर तरंगत होत्या म्हणे. आणि राहिले. माझा डावा कान गेला, दोन बोटं गेली. वाचलो तो मी एकटा.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी एक अधिकारी आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "स्फोट कंडक्टरच्या खुर्चीखाली झाला. पिशवी तिथे कोणी ठेवली?"

मी म्हटलं, "मी पुढे बघत होतो."

ड्रायव्हर पुढेच बघतो. त्याने तेवढंच लिहून घेतलं. त्याने आणखी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. खोटं आहे ते. मी घाबरलो होतो. चौदा घरं माझ्या अंगावर धावून येतील, माझ्या पोरीबाळींना रस्त्यात अडवतील, हे मला दिसत होतं.

संचारबंदी होती, पूल बंद होता. पाचव्या दिवशी वॉर्डातला माणूस चादर बदलताना म्हणाला, "खाली एक राहिलाय अजून. खाकी कपड्यातला. कोणी न्यायला आलं नाही. बेवारस म्हणून चिठ्ठी लावलीये पायाला." मी दोन मजले वर पडलेलो. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, "तो आमचा आहे." मी भिंतीकडे तोंड केलं. आठव्या दिवशी त्याची बायको परवाना मिळवून पूल ओलांडून आली आणि तिने त्याला नेलं.

मग जे व्हायचं ते झालं. बॉम्ब पलीकडच्यांनी ठेवला, कंडक्टर पलीकडचा, पिशवी त्याच्या खुर्चीखाली. वर्तमानपत्रांना काय, आयतं कोलीत मिळालं. त्याच्या घराची झडती झाली, फळीवरच्या बेचाळीस वस्तू चिठ्ठ्यांसकट जप्त झाल्या. "लोकांच्या पिशव्या घरी नेऊन काय करायचा, आता कळलं ना?" असं डेपोतली माणसं चहा पिताना म्हणायची. त्याच्या हातचा चहा प्यायलेली माणसं. मीही तिथे कप घेऊन उभा असायचो आणि तोंडाला कुलूप. गुन्हा सिद्ध झाला नाही, तो निर्दोषही ठरला नाही. फाईल नुसती पडून राहिली.

वर्ष होत आलं तेव्हा डेपोच्या फाटकाशी काळ्या दगडाची पाटी बसवायची ठरली. मेलेल्यांची नावं. चौदा.

पाटीच्या कार्यक्रमाला चार दिवस होते. दुपारी दार वाजलं. बघतो तर वहिनी, म्हणजे राहिलेची बायको. वाळली होती. हातात कापडी पिशवी. ती पिशवी बघून माझी बायको दोन पावलं मागे सरकली. वहिनींच्या लक्षात आलं ते. त्यांनी पिशवी उघडून आधी आतलं दाखवलं, मगच आत आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोलिसांनी वस्तू परत दिल्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "ज्यांचे पत्ते लागतात त्यांना पोचवतेय. काही जण दार उघडत नाहीत. ही तुमची." त्यांनी माझ्यापुढे गॉगल ठेवला. माझा गॉगल. चिठ्ठीवर त्याचं ते मोठालं अक्षर: "मालक आमचा ड्रायव्हर. भांडण संपलं की देणे."

पाच वर्षं! पाच वर्षं मी मेकॅनिकला चोर म्हणत होतो आणि हा गालात हसत होता. मला हसू आलं आणि ते मधेच कुठेतरी तुटलं.

वहिनी पाण्याच्या पेल्याकडे बघत बोलल्या. "एक विचारायचंय. तुम्ही तिथे होता, म्हणून. एकोणीस वर्षांत कोणाची काडेपेटी राहिली तरी हा माणूस धावायचा. मग त्या दिवशी का नाही धावला? पिशवी उचलली, खुर्चीखाली ठेवली, गप्प बसला. असं कसं? लोक म्हणतात त्याचं मला काही नाही, भाऊजी. पण आता मलाच..." त्या थांबल्या. "झोपताना वाटतं, मी ओळखत होते ना याला? आणि मग स्वतःचीच लाज वाटते."

लोकांचा संशय मी वर्षभर पचवला होता. हे मला पचलं नाही. ज्या बाईने फळीवरच्या वस्तूंसाठी त्याला दोरे कापून दिले, चिठ्ठ्या बांधल्या, तिच्या मनातही तो आता राहिला नव्हता, आणि ते काम माझ्या चार शब्दांनी केलं होतं.

"तो धावणार होता," मी म्हटलं. "मी थांबलो नाही, वहिनी. मीच म्हटलं, ठेव खुर्चीखाली."

माझी बायको दारातच खाली बसली. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

वहिनींनी पेला बाजूला सारला. मग विचारलं, "घंटी दिली होती त्यांनी?"

"दिली होती."

"एक?"

"एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा थांबायची. ओरडलाही होता, पिशवी राहिली म्हणून."

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि रडल्या. वर्षभराचं रडल्या. मधेच म्हणाल्या, "ओरडले होते. बघा, ओरडले होते," जणू मी नाही म्हणत होतो. मग डोळे पुसून उठल्या. "हे तिथे बोला. पाटीपुढे. सगळ्यांसमोर." त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, गॉगल उचलला आणि पिशवीत परत ठेवला. "भांडण संपल्यावर, असं लिहिलंय त्यांनी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

चार दिवसांनी डेपोच्या फाटकाशी साहेबांनी चौदा नावं वाचली. लोक निघायला लागले. मी तोंड उघडलं आणि त्यातून माझा आवाज आला, पण शब्द त्याचा. "थांबा. एक राहिलं."

लोक वळले. मी सगळं सांगितलं. मेमो, आरसा, घंट्या, आरती ओवाळ म्हटलं तेही. इस्पितळातलं भिंतीकडे केलेलं तोंडही. नर्सचे वडील पुढे आले. मला वाटलं मारतील, आणि मारावं असंच वाटत होतं. ते म्हणाले, "त्या सकाळी ती घाबरली होती. मीच म्हटलं, राहिलेंची बस आहे, बिनधास्त जा." एवढं बोलून ते पाटीकडे वळले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. बाकीच्यांनी मला जे म्हणायचं ते म्हटलं. घरावर दगडही आले, दोन खिडक्या फुटल्या, धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं. तक्रार कोणत्या तोंडाने करू?

जबाब पुन्हा झाला. सहा महिन्यांनी पाटीवर पंधरावं नाव कोरलं. जागा उरली नव्हती, म्हणून अगदी खाली, बारीक अक्षरात. कारागिराने मला विचारलं, नाव काय लिहू? माझ्या तोंडून निघालं, राहिले. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी त्याचं खरं नाव सांगितलं, आडनावासकट, दोनदा, नीट. एकोणीस वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

कोरून झाल्यावर त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. पूल आता उघडा आहे, पण सहानंतर बंद होतो, म्हणून त्या लगबगीने बसकडे निघाल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतरही कधी बोलल्या नाहीत. गॉगल त्यांच्याकडेच आहे, फळीवर. मी मागितलेला नाही.