पिवळ्या चेहऱ्यांची होडी

माझी वहिनी सुआलाझा लग्न होऊन आमच्या समुद्रकाठच्या अंकिलिसुआ गावात आली तेव्हा तिच्याजवळ दोन गाठोडी होती. एकात कपडे. दुसऱ्यात एक दगडी सहाण, लेपाच्या लाकडाचे चार ओंडके आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या शेवग्याच्या सहा फांद्या. आईनं ते दुसरं गाठोडं उघडून पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "वुनी, ही नांदायला आलीय की सरपण विकायला?"

लेप आम्हाला नवा नव्हता. ओहोटीला समुद्रातल्या खडकावर ऑक्टोपस शोधायला जाणारी प्रत्येक बाई लाकूड सहाणेवर उगाळते, पाणी घालते आणि ऊन लागू नये म्हणून तोंडाला पिवळा थर देऊनच घर सोडते. पण आम्ही लावायचो ते गाल आणि कपाळापुरतं, तेही आठवण राहिली तर. वहिनीचं तसं नव्हतं. कानाच्या पाळ्या, मान, हातांच्या पाठी, पावलांच्या वरचा भाग, सगळं लिंपून व्हायचं. ढग असले तरी लेप, नुसतं विहिरीवर जायचं असलं तरी लेप. वर काठाची रुंद टोपी, तीही हनुवटीखाली बांधलेली.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी आई एकदा वैतागून म्हणाली, "अगं, तुझा चेहरा आम्हाला एकदा दाखव तरी! रस्त्यात दिसलीस तर ओळखायची कशी?"

"पिवळी दिसली की मीच," वहिनी म्हणाली, आणि उगाळत राहिली.

शेवग्याच्या फांद्या तिनं घरामागच्या वाळूत खोचल्या. भांडी धुतलेलं पाणी त्यांना घालायची. दोन बकऱ्यांनी खाल्ल्या. मग तिनं काटेरी झुडपांचं कुंपण केलं आणि उरलेल्या चार जगवल्या. दुसऱ्या वर्षी ती झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. त्यांचा कोवळा पाला ओरबाडून ती माशाच्या रश्शात टाकायची. आम्ही समुद्रावरची माणसं. मासा आणि भात, नाहीतर मासा आणि कसाव्याचे उकडलेले कंद, एवढंच आमचं जेवण. पाला बकऱ्यांचा, अशी आमच्या गावाची समजूत.

त्या समजुतीचा सगळ्यात कट्टर माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, रेफेनू.

रेफेनूसारखं शीड सांभाळणारा आमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. त्याला त्याचा फार माज होता. टोपी घालायचा नाही, का तर वारा कुठून येतो ते कपाळाला कळलं पाहिजे म्हणे. लेपाचं नाव काढलं की हसायचा. नाकाची साल निघालेली, ओठ फाटलेले, मानेची कातडी सुकटासारखी. आणि सकाळी समुद्रावर जाताना पोटात काय, तर साखर घालून काळी कॉफी आणि तेलात तळलेले गोड गोळे. वहिनीनं वाढलेल्या वाटीतला पाला तो बोटानं बाजूला काढायचा आणि ताटाच्या काठावर ओळीनं मांडून ठेवायचा.

"मी काय बकरी आहे?" तो विचारायचा.

"बकरी बरी," वहिनी म्हणायची. "ती निदान गप्प बसून खाते."

त्यांच्या लग्नाच्या चौथ्या वर्षाची गोष्ट. आमच्याकडे उन्हाळा डिसेंबरात येतो, तेव्हा दोन महिने खडक बंद ठेवतात, तिथं कुणी शिकार करत नाही, म्हणजे ऑक्टोपस मोठे होतात. खडक उघडायचा दिवस फेब्रुवारीत येतो, मोठ्या ओहोटीचा मुहूर्त बघून. सकाळी बायका खडकावर तुटून पडतात, दुपारी भरती आली की पुरुषांच्या होड्यांची शर्यत. शेजारच्या फासिबे गावाशी आमची जुनी चुरस. किनाऱ्यापासून बेटापर्यंत जायचं, वळसा घालायचा आणि परत यायचं.

त्या दिवशी ऊन असं होतं की वाळूवर पाय ठरत नव्हता. वहिनीनं सकाळीच रेफेनूसमोर उकडलेली रताळी, वाल आणि पाण्याचा डबा ठेवला होता. तो म्हणाला, "पोट जड झालं तर होडी जड होते." कॉफी प्यायला, वर मित्रानं पुढे केलेल्या बाटलीतून उसाच्या दारूचे दोन घोट घेतले, आणि उघड्या डोक्यानं, उघड्या अंगानं होडीत बसला.

बेटापर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता. आम्ही किनाऱ्यावर नाचत होतो. वळसा घालताना त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. हातातला दोर सुटला. शीड फडाफडा उलटं फिरलं, होडीच्या बाजूची तोल सांभाळणारी उलांडी पाण्याबाहेर निघाली आणि होडी आडवी झाली. त्याला आणि त्याच्या तिघा सोबत्यांना पाण्यातून काढलं कुणी? फासिबेच्या माणसांनी. शर्यत सोडून आले बिचारे, आणि परत जाताना मात्र खूप हसले.

दुसऱ्या दिवसापर्यंत फासिबेच्या बायकांनी त्यावर गाणं रचलं. मोठ्या खलाशाला सूर्यानं चापट मारली, असं काहीसं होतं. चाल इतकी छान होती की आमच्याच बायका धुणं धुताना ते गुणगुणायला लागल्या. मीसुद्धा. आईनं मला लाटणं फेकून मारलं.

रेफेनू दोन दिवस पडून होता. पाठीवर फोड, डोकं ठणकतंय, ओठांना पाणी लागलं तरी ओरडायचा. दवाखान्यातल्या नर्सबाई क्लारिस घरी आल्या. त्यांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"आतून पांढरं आहे," त्या म्हणाल्या. "अंगात रक्त कमी आहे तुमच्या. त्यात उपाशी पोट, त्यात दारू, त्यात दुपारचं ऊन. बुडालात कसे याचं मला नवल नाही, इतके दिवस तरलात कसे याचं आहे."

"औषध द्या ना," रेफेनू म्हणाला.

"गोळ्या देते. पण निम्मं औषध तुमच्या घरामागं उभं आहे. हिरवा पाला खा, वाल खा, माशाचं काळीज फेकू नका. पाणी प्या. भर दुपारी सावली शोधा. आणि डोकं झाका." मग त्या वहिनीकडे वळल्या. "तुझा लेप चांगला आहे गं, पण नुसत्या लेपावर भरवसा नको. टोपी आणि अंगभर कपडा हवाच."

वहिनीनं मान हलवली. नवऱ्याला मात्र ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, आता ही त्याला चांगलं सुनावणार. मी मुद्दाम जवळ बसून राहिले होते.

तिनं केलं ते असं. त्या दिवसापासून रस्सा दोन भांड्यांत व्हायला लागला. मोठ्या भांड्यात पाला, टोमॅटो, आलं, वरून चिंचेचं पाणी. लहान भांड्यात रेफेनूपुरता नुसता मासा आणि मीठ. आम्ही जेवायला बसलो की मोठ्या भांड्यावर तुटून पडायचो, आणि आई तर मुद्दाम बोटं चाटायची. तीही आता वहिनीच्या बाजूची झाली होती, कारण फासिबेचं गाणं तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

सहाव्या दिवशी रेफेनूनं विचारलं, "त्या भांड्यात एवढं काय आहे?"

"बकऱ्यांचं खाणं," वहिनी म्हणाली.

"जरा बघू."

"नको. तुला त्रास होईल."

"सुआलाझा, वाढ म्हणतोय ना!"

तिनं पळीभर वाढलं. त्यानं खाल्लं. पाला बाजूला काढला नाही. मग ताट परत पुढे केलं. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू आवरेना म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

लेपाचं काम इतक्या सहज झालं नाही. रेफेनूच्या पाठीचे फोड बरे झाले. तो परत उघडाबंब समुद्रावर जायला लागला. एका सकाळी तो होडी उलटी घालून तिच्या बुडाला शार्कचं तेल चोळत होता. वहिनी शेजारी जाळं निवडत बसली होती.

"काय करतोस?" तिनं विचारलं.

"दिसत नाही? तेल लावतोय. नाहीतर उन्हानं फळ्या तडकतात."

"दरवर्षी लावतोस?"

"दोनदा लावतो. लाकडाची काळजी घ्यावी लागते."

"हो," वहिनी म्हणाली. "लाकडाची घ्यावी लागते."

एवढंच बोलून ती जाळं उचलून निघून गेली. रेफेनू हातात तेलाचं फडकं घेऊन तसाच उभा राहिला. मी किनाऱ्यावरून बघत होते. त्यानं होडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या दंडाची सुटलेली साल बघितली, आणि एक शिवी हासडली. कुणाला ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सहाणेवरचा थोडा लेप गायब होता. संध्याकाळी तो परत आला तेव्हा मानेवर पिवळे पट्टे सुकलेले. वहिनी म्हणाली, "मागे नीट पोचत नाही. उद्या मी लावून देते." तो "हं" म्हणाला. महिनाभरात लेप मानेवरून नाकापर्यंत आला. पावसाळा सरेपर्यंत त्याच्या डोक्यावर टोपीही आली. वारा कळतो का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "तुझं तोंड बंद असलं की कळतो."

होडीवरच्या तिघांना वळवायला रेफेनूला वहिनीची गरज लागली नाही. हे काम त्यानं स्वतः केलं. "ज्याच्या तोंडाला लेप नाही, तो माझ्या होडीत नाही," एवढंच म्हणाला. आणि समुद्रावर निघताना तिघांनी आमच्याकडे येऊन खायचं, असा नियम केला. वहिनीचं काम वाढलं, पण ती खूश होती. आई वाल सोलून द्यायची, मी रताळी उकडायची. सगळे मिळून जेवायचे आणि एकमेकांच्या पिवळ्या तोंडांची टिंगल करायचे.

पुढच्या फेब्रुवारीत खडक उघडला. ती सकाळ मी विसरणार नाही. पाण्यातून ऑक्टोपस काढताना बायकांच्या आरोळ्या, टोपल्या भरून वाहतायत, आई गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडतेय. दुपारी भरती आली. होड्या ओळीनं लागल्या. आणि आमची होडी ढकलत चौघे बाप्ये आले. तोंडं पिवळीधमक, डोक्यावर हनुवटीखाली बांधलेल्या टोप्या, अंगात लांब बाह्यांचे सदरे.

सगळा किनारा हसून लोळला.

"अगं बघा, चार नवऱ्या आल्या!" फासिबेची एक बाई ओरडली.

"मागणी घालायला कुणाकडे जायचं, ते तरी सांगा!" दुसरी.

रेफेनूनं कंबरेवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे बघून लाजल्यासारखं केलं. त्यावर तर माणसं रडेपर्यंत हसली. वहिनीनं मात्र तोंडावर पदर धरला होता. ती हसत होती की घाबरली होती, मला कळलं नाही.

बेटापर्यंत सगळ्या होड्या जवळजवळ होत्या. मग वारा पडला. शिडं लोंबकळली. आता वल्ह्यांवर यायचं, तेही डोक्यावर सूर्य असताना. एकेक होडी मंद व्हायला लागली. कुणी डोक्यावर पाणी ओततोय, कुणी वल्हं टाकून बसलाय. आमच्या होडीत चौघे पाळीपाळीनं पाणी पीत होते आणि एका तालात वल्हवत होते. पाच होड्या मागे टाकल्या.

जिंकले नाहीत ते. फासिबेचा म्हातारा लाहिझारा आपल्या दोन मुलांना घेऊन एका होडीच्या लांबीनं पुढे पोचला. पण आमचे दुसरे आले, आणि उतरल्यावर स्वतःच्या पायांवर चालत आले. आईनं वाळूत बसकण मारून टाळ्या वाजवल्या. रेफेनू सरळ वहिनीकडे गेला आणि घामानं, पाण्यानं, लेपानं चिकट झालेलं तोंड तिच्या खांद्याला घासलं. तिचा नवा कपडा पिवळा झाला. ती ओरडली, "मेल्या, आजच नेसले होते!" आणि त्याला सोडलं मात्र नाही.

लाहिझारा तिथेच उभा होता. त्यानं आपली मळकी टोपी काढून वहिनीला दाखवली. "चाळीस वर्षं घालतोय पोरी. पोरांना सांगतो तर हसतात. आज तू माझं काम केलंस."

त्यानंतर नर्सबाई क्लारिस वहिनीच्या मागे लागल्या, की दवाखान्यात बायकांना चार शब्द सांग. वहिनी म्हणाली, "मला चार माणसांत बोलता येत नाही." मग तिनं दवाखान्याच्या अंगणात चूल मांडली आणि नुसता स्वयंपाक केला. पाला कधी तोडायचा, किती शिजवायचा, वाल कसे भिजवायचे, सगळं हातानं दाखवलं. बोलण्याचं काम आईनं केलं, आणि ते बराच वेळ चाललं. दोन्ही गावांच्या बायका आल्या होत्या. जाताना प्रत्येकीनं शेवग्याची एकेक फांदी नेली. आमची झाडं त्या दिवशी अगदी बोडकी झाली होती.

याला आता बरीच वर्षं झाली. वहिनीची मुलगी शहरात शिकते. वसतिगृहात रोज भात आणि भाताचं पाणी, म्हणून वहिनीनं तिला सावलीत वाळवलेल्या पाल्याची पूड डबाभर दिली होती. गेल्या रविवारी पोरीचा फोन आला. पूड आठ दिवसांत संपली, कारण खोलीतल्या सगळ्या पोरी ती भातावर घेतात. अजून पाठव, आणि त्या विचारतायत की पैसे किती द्यायचे.

वहिनी अंगणात उभी राहून मोठ्यानं हसली. "पैसे कशाला? त्यांना म्हणावं, सुट्टीत इकडे या. होडी पाण्यात ओढायला माणसं कमी पडतात. आणि येताना टोपी आणा म्हणावं, माझ्याकडे एवढ्या नाहीत!"