तिकडं उजेड हाय का

टेंभुर्णीच्या स्टँडवर जालन्याची बस लागली तेव्हा माझ्या धाकट्या दिरानं, दत्तू भाऊजींनी, माझी बॅग वर चढवली, खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीचा गज धरून उभे राहिले. आमचे हे वारल्यावर मला एकटीला ठेवायचं नाही म्हणून मुलगा, नंदू, मला इंग्लंडला घेऊन चालला होता. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं भाऊजी म्हणाले, "वहिनी, तिकडं पाऊस आला की आधी मला कळवा. इकडं कुरडया उचलाव्या लागतील."

माझी जाऊ सुमन पदर तोंडाला लावून रडत होती, ती हसली. मलाही रडायचं होतं, पण हसू आलं आणि रडायचं राहून गेलं. अजून ते राहिलेलंच आहे.

कुरडयांची गोष्ट तुम्हा गावच्यांना पाठ आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांच्या पोरांसाठी पुन्हा सांगते.

लग्न होऊन आले तेव्हा मी फार शहाणी होते. सातवी पास, म्हणजे जगातलं सगळं कळतं असा माझा समज. घरात रेडिओ एक, आणि त्यावर मालकी ह्यांची आणि भाऊजींची, दोघा भावांची. कसोटी सामना असला की दोघं ओसरीवर रेडिओला चिकटलेले. तेव्हा मृग तोंडावर आला होता, वाळवणाचा शेवटचा घाणा. सासूबाईंनी तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून माळवदावर जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या आणि मला लक्ष ठेवायला सांगून शेतात गेल्या. दुपारी रेडिओवाला म्हणाला, ढग दाटून आले, उजेड कमी झाला, आता तर पाऊसच सुरू झाला, खेळाडू आत चालले.

मी पळत माळवदावर. ओल्या कुरडया ओंजळीनं पाटीत भरल्या. उन्हानं तळपाय भाजत होते, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, पण रेडिओ कशाला खोटं बोलेल? सामना इंग्लंडात चालला होता हे मला ठाऊक होतं. इंग्लंड भोकरदनच्या पलीकडं कुठंतरी असेल आणि पाऊस तिकडून निघाला असेल, एवढाच माझा भूगोल. खाली येईपर्यंत कुरडयांचा एकच गोळा झाला होता. भाऊजींनी पाटीत पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं, मग रेडिओकडं, आणि खाली बसले ते उठेचनात. संध्याकाळी सासूबाई एवढंच बोलल्या, "सातवीत हे. आठवी झाली असती तर माळवदच उचलून आणलं असतं."

आता मी त्याच इंग्लंडात राहते. नंदूच्या फ्लॅटच्या खिडकीतून क्रिकेटच्या मैदानाचे दिव्यांचे खांब दिसतात. कार्डिगन घालून, हीटिंगला पाठ लावून मी ते बघत बसते. इथं पाऊस आला की धावत उचलावं असं काही नाही. कपडे मशीनमध्ये वाळतात, कुरडया डब्यात गावाहून येतात आणि तळल्या की स्मोक अलार्म बोंबलतो. आभाळ आहे, पण त्याच्याशी माझं काही काम उरलं नव्हतं. काम दिलं ते भाऊजींनी. इथं सामना असला आणि खेळ थांबला की त्यांचा फोन यायचा. टीव्हीवाले जुन्याच मॅचा दाखवून राह्यले, वहिनी, तुम्ही खिडकीतून बघून बराबर सांगा. मी सांगायची. ढग कुठल्या अंगाला, वारा कसा, पाखरं बसली का उडाली. सांगून झालं की ते सुमनला ओरडून सांगत, "कुरडया राहू दे गं."

या खेपेच्या सामन्याआधी डॉक्टरांनी भाऊजींना जालन्याच्या दवाखान्यातून घरी पाठवलं. घरी पाठवणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं, त्यांनाही. सुमन सांगत होती, खाणं बंद झालंय, डोळेही नीट उघडत नाहीत, पण टीव्हीचा आवाज वाढवायला लावतात. एवढी मॅच होऊ दे, म्हणतात. म्हणजे मी पाच दिवस आभाळ राखत बसले.

शेवटच्या दिवशी आपल्याला फक्त तीन विकेटी हव्या होत्या. जेवणानंतर ढग उतरले. दिवे लागले, तरी अंपायरनं ते उजेड मोजायचं मीटर काढून पाहिलं आणि सगळ्यांना आत नेलं. एवढ्या दिव्यांत यांना दिसत नाही. आमच्याकडं एका कंदिलावर लग्नं लागली.

फोन आला. सुमननं तो त्यांच्या कानाशी धरला होता.

"वहिनी, उजेड हाय का?"

मी खिडकीत उभी होते. खांब अर्धे ढगात गेले होते. हाय म्हणायला काय जात होतं माझं? जन्मभर कमी का थापा मारल्यात. पण या माणसाला आभाळाबद्दल चुकीचं कसं सांगू?

"न्हाई भाऊजी. बिलकुल न्हाई. पाऊस यायलाय."

 ते म्हणाले, "मंग उचला कुरडया."

मी हसले. तेही हसले असावेत. खोकल्यासारखं काहीतरी आलं. खेळ पुन्हा सुरू झालाच नाही. सामना अनिर्णित. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनचा फोन आला. तिनं सांगायच्या आधीच मला कळलं.

मी चहा केला, प्याले, कप धुतला. नंदूनं विचारलं, भाऊजींना शेवटचं व्हिडिओवर बघायचं का. नको म्हणाले. त्याला वाटलं, आईला सहन होणार नाही. तसं काही नव्हतं. मैदानावर ताडपत्री ओढतात तसं काहीतरी माझ्यावर ओढलं गेलं होतं, आणि वर पडतंय ते खाली लागत नव्हतं. अजूनही फारसं लागत नाही. पाऊस येतो, जातो. मी खिडकीत जात नाही.

लोक विचारतात, घराची आठवण येते का. ओसरीची येत नाही, माळवदावर तर आता स्लॅब पडलाय. पण इथलं आभाळ कसं आहे हे विचारणारं कुणीतरी तिकडं होतं, तोवर मी टेंभुर्णीचीच होते. ते गेल्यावर मी कुठली, हे मला सांगता येत नव्हतं.

काल समोरच्या मैदानावर पुन्हा सामना सुरू झाला. मी टीव्ही लावला नव्हता. दुपारी फोन वाजला. सुमन. तिला क्रिकेटातलं ओ की ठो कळत नाही. आयुष्यभर त्या टीव्हीला तिनं शिव्या दिल्या. मागं मोठ्यानं आवाज चालू होता.

"अक्का," ती म्हणाली, "घर लई गप पडलं म्हणून लावलाय. पण नुसतं झाकलेलं मैदान दाखवून राह्यले. तिकडं उजेड हाय का?"

"थांब," मी म्हणाले, "बघून सांगते," आणि गुडघे धरून उठले.