मागची डावी सीट

जळत्या गाडीतून मास्तरांनी जिला बाहेर काढलं, ती त्यांची जुनी भानगड होती, ही बातमी आग विझायच्या आतच गल्लीभर झाली.

मास्तर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. गळ्यात मोजपट्टी, कानावर खडू. झुरळ दिसलं की स्टुलावर चढणारा हा गडी. तोंड मात्र शूर! “माझं शिवलेलं कव्हर परत आलंय, असं एक गिऱ्हाईक दाखवा,” हे बायकोला दिवसातून तीनदा ऐकावं लागे, त्यातलं एकदा जेवताना.

तर भर दुपारी दुकानासमोरच्या चौकात एका गाडीच्या बॉनेटमधून जाळ निघाला. ड्रायव्हर उडी मारून सुटला. बघ्यांनी मोबाइल काढले. मास्तर मात्र कात्री घेऊन धावले, आणि कुणी काही सांगायच्या आत ओरडले, “मागची डावी! तिथलं माणूस अडकलं असणार!” आधी उजवीकडच्या म्हाताऱ्याला त्यांनी कॉलर धरून ओढलं, मग डावीकडचा पट्टा कापून त्याच्या मुलीला बाहेर घेतलं. भुवया गेल्या, जीव वाचले.

घरी बायकोनं हाताला मलम लावता लावता विचारलं, “कोण होती ती?”

“मला काय माहीत?”

“मग कुठं बसलीय ते बरं माहीत! माझ्या साड्या कुठल्या कपाटात असतात हे पंचवीस वर्षांत कळलं नाही तुम्हाला.”

शेजारीण तेल ओतायला हजरच. “वहिनी, उगाच कुणी आगीत शिरतं का हो? घरातला गॅस बंद करायलासुद्धा तुम्हाला हाक मारतात ते!”

बायकोला वाटलं, आता तरी हा माणूस शपथा घेईल, भांडेल. पण मास्तर गप्प. आठवडा गेला तरी गप्पच. शेवटी तिनं भावाकडे जायला बॅग भरली आणि जाता जाता, शेवटचं ऐकवायला म्हणून, दुकानात शिरली. तिथं मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसलेली तीच बाई उभी!

“भाऊ,” बाई म्हणत होती, “नव्या गाडीची कव्हरंही तुमच्याच हातची हवीत.”

“ओळख जुनी दिसतेय,” बायको म्हणाली.

“छे हो! गाडी ड्रायव्हर आणायचा. मी यांना त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलं.”

“मग यांना कळलं कसं?”

दोघी मास्तरांकडे बघू लागल्या. मास्तरांनी बायकोच्या हातातली बॅग पाहिली. मोजपट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. झुरळ दिसल्यासारखा चेहरा झाला होता, पण स्टूल लांब होतं.

“सांगतो,” ते म्हणाले.

त्या बाईशी मास्तरांची काहीही ओळख नव्हती. त्या गाडीची कव्हरं त्यांनी आगीच्या आदल्या दिवशी शिवून दिली होती. मागच्या डाव्या सीटवर बेल्टच्या बकलासाठी ठेवलेलं भोक अर्धा इंच कमी कापलं गेलं होतं. पट्टा आत जायचा, पण तो सोडायचं बटण कव्हराखाली दबायचं. गाडी गेल्यावर हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.