धोंडाबाईची नाडी आणि माझं अक्षर

धोंडाबाईला भात सडताना पाहिलं की वाटायचं, हिला घड्याळ कशाला हवं! पवनेकडच्या डोंगरातल्या वाडीवरून ती वडगावला यायची आणि आमच्या डॉक्टरांच्या घरी आंबेमोहोर सडून द्यायची. दोघी बायका एकाच उखळात आलटून पालटून मुसळ घालायच्या, पण हिचा घाव कधी जोडीदारणीच्या मुसळावर आपटला नाही. नवरा गेल्यावर तिनं याच मुसळावर लेक वाढवली, चिंगी. धोंडाबाई माझ्या आईच्या वयाची. मी मात्र तिला अगं-तुगं करायचो.

मी गंगाधर, त्र्यंबकराव डॉक्टरांचा कंपाउंडर. साल त्रेसष्ट असेल. दर गुरुवारी डॉक्टर औषधं आणायला पुण्याला जात, आणि त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची माणसं मलाच 'डाक्टर' म्हणत. मी कधी कुणाला अडवलं नाही. उलट गुरुवारी मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार!

चिंगीला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात तिच्या हृदयाची झडप बिघडली. तिची नाडी डॉक्टरांनी मला एकदा दाखवली होती. एक ठोका जवळ, दुसरा लांब, तिसरा हाताला लागतच नाही. कशाचा कशाला मेळ नाही. तिला डिजॉक्सिनच्या बारीक गोळ्या चालू होत्या. त्यांनी ठोके आवरत आणि तिला दम कमी लागे.

एका गुरुवारी धोंडाबाई स्वतःचीच छाती धरून आली. "भाऊ, मदीच काळीज थांबल्यावानी हुतं."

मी मनगट धरलं. सात-आठ ठोके पाहिले, त्यात एक चुकला. "चिंगीचाच आजार," मी म्हणालो.

"न्हाई वं भाऊ. चिंगीच्या छातीवर म्या हात ठिवून बगितलंय. चार अडाणी पोरींनी एका उखळात मुसळं घातल्यावानी हाय तिचं. माजं तसं न्हाई. माजा एक घाव घाईनं पडतो, मंग जरा थांबतं, आन् म्होरला जोरात बसतो. मंग पुन्ना आपल्या ठेक्यावर."

यापेक्षा सोपं करून कुणी सांगायचं? पण मी तेव्हा ऐकणारा कुठला! "डॉक्टर तू का मी?" अगदी याच शब्दांत बोललो. चिंगीच्याच औषधाच्या, दवाखान्यातल्या बरणीतल्या एकवीस गोळ्या पुडीत बांधल्या आणि दिवसाला तीन घ्यायला सांगितलं.

पुढच्या बुधवारी वाडीवरच्या दोघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून आणलं. ओकून ओकून डोळे खोल गेलेले. सगळं पिवळं दिसतंय म्हणत होती. डॉक्टरांनी नाडी मोजली: मिनिटाला अडतीस, नेहमीच्या निम्मी. चिंगीच्या त्या गोळ्या जास्त झाल्याचीच ही सगळी लक्षणं.

"हिला डिजॉक्सिन कुणी दिलं?" डॉक्टर ओरडले.

मी एका बाटलीला बूच लावत होतो. ते कधीच बसलं होतं, तरी मी दाबत राहिलो. नोकरी जाणार, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच डोक्यात. ही मरेल हा विचार त्यानंतर आला. त्याची मला आजही लाज वाटते.

"कुनी न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "म्याच खाल्ल्या. चिंगीच्या."

डॉक्टरांना ते लगेच पटलं. विरजण आणि औषध मागितलं तर नाही म्हणू नये, अशी वाडीची रीतच होती. एकीची गोळी दुसरीनं खायची हे नेहमीचंच. त्यांनी तिला सगळ्यांदेखत नाही नाही ते सुनावलं. मग माझ्याकडे वळले. "गंगाधर, हिचा एखादा ठोका चुकतो, पण मूळ ठेका शाबूत आहे. धडधाकट माणसालाही असं होतं. चिंगीचा ठेकाच हरवलाय. दोघींची नाडी चुकते म्हणून औषध एक नसतं. मिनिटभर बोट ठेवलं तर कुणालाही कळेल." उखळ-मुसळ वगळलं, तर हे सगळं मला आधीच कळलेलं होतं. तिच्याकडून.

"आणि हिच्या कार्डावर लिहून ठेव. मनाने औषध घेते, गोळ्या हाती देऊ नयेत."

मी लिहिलं. माझं अक्षर वळणदार होतं, डॉक्टर त्याचं कौतुक करायचे.

गोळ्या बंद केल्यावर ती आठवड्यात सावरली. घरी निघाली तेव्हा मी तिला दारापाशी गाठलं. तीच आधी बोलली, "तुमास्नी कामावरनं घालिवलं आस्तं, तर गुरवारी चिंगीला दम लागल्यावर कुनाकडं आनू?" माझ्या कानफटात दिली असती तर बरं वाटलं असतं.

आठ वर्षं गेली. त्र्यंबकराव थकले, दवाखान्यात नवे डॉक्टर आले. धोंडाबाई चिंगीच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आली. नव्या डॉक्टरांनी मायलेकींची कार्डं काढून वाचली आणि मी बांधलेली पुडी तिच्या हातातून काढून घेतली.

"या बाईच्या हाती गोळ्या द्यायच्या नाहीत. लेकीला रोज इथं आणा, माझ्यासमोर गोळी घेईल."

रोज! दम लागणाऱ्या चिंगीनं रोज डोंगर उतरायचा आणि चढायचा!

"तवा चुकलं माजं," धोंडाबाई मान खाली घालून म्हणाली.

मला राहवेना. भर दवाखान्यात बोललो, "साहेब, ते खोटं आहे. त्या गोळ्या मी दिल्या होत्या. तिनं नीट सांगूनसुद्धा नाडी ओळखायला मी चुकलो."

डॉक्टर हसले. "गंगाधरराव, तुम्ही फार दयाळू. गरिबाचं पाप स्वतःच्या अंगावर घेता." त्यांनी कार्ड माझ्यासमोर धरलं. "पण हे अक्षर तुमचंच ना?"

"हो," मी म्हणालो.

धोंडाबाईनं पदर खोचला. "उद्या घिऊन येते तिला," असं डॉक्टरांना म्हणाली, आणि दारातून वळून मला नेहमीसारखंच, "येते भाऊ."