टॉवेलाखालचा आकडा

लघवीला अडतंय, हे माझ्या वडिलांनी वर्षभर लपवलं. मी गावोगाव आरोग्याची पत्रकं वाटत फिरायचो, पण घरच्या माणसाला प्रोस्टेटसाठी रक्त तपासायला राजी करता करता थकून गेलो. शेवटी त्यांनी रक्त दिलं. डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं, रक्तातला आकडा चारच्या वर गेला म्हणजे कॅन्सर असेलच असं नाही. पण पुण्याला जाऊन प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासावा लागेल.

रिपोर्ट घेऊन मी थेट बेल्ह्याच्या बैलबाजारात वडिलांकडे गेलो. भोवती व्यापारी उभे होते. वडिलांनी काही न विचारता टॉवेलाखाली हात पुढे केला. बैलाचा भाव तिथं असाच बोटं दाबून सांगतात, शेजारच्याला कळू नये म्हणून.

मी त्यांची आधी पाच बोटं दाबली, मग चार. म्हणजे नऊ.

"पोराशीच सौदा व्हय, दादा?" एक व्यापारी हसला. "लई ताणू नका राव."

वडिलांनी सवयीनं माझी बोटं दाबली. पाच, मग तीन. मी पुन्हा पाच आणि चारच दाबली. मग ते नुसताच माझा हात धरून राहिले.

"उतरत नाय?"

"नाही, दादा."

"मंग पुण्याला कवा जायचं?"